अठरा माणसांचा फोटो: मराठी शोधकोडं बनवतानाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

ताईकडे गेलो होतो. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि ताईने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आत काकांच्या लग्नातला ग्रुप फोटो निघाला. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. आजी असती तर एकेकावर बोट ठेवून सांगितलं असतं. आता सगळेच चेहरे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

मग दीड तास आम्ही चौघं त्या फोटोवर वाकून बसलो. नथ बघ, टोपी बघ, कोण कोणाच्या खांद्यावर हात ठेवून उभं आहे ते बघ. शेवटचे दोघं लागले ते भारी लागले. पुढे मांडी घालून बसलेल्या मुलाच्या शर्टाची चौकट आणि मागे उभ्या असलेल्या मुलाच्या शर्टाची चौकट एकच होती. एका ताग्यातून शिवलेले शर्ट, म्हणजे सख्खे भाऊ. अशी जोडी आमच्या नात्यात एकच! ताई अक्षरशः ओरडली. एकूण अकरा माणसं लागली, बाकीची तशीच राहिली.

गाडी चालवत घरी येताना डोक्यात एकच होतं: हा तर ओब्रा डिन आहे. लुकास पोपचा 2018 चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, त्यावरची 60 माणसं, आणि त्यातलं प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं हे आपण शोधायचं. गेली सहा वर्षं मी तो गेम ओळखीच्या प्रत्येकाच्या गळ्यात मारतोय. मग आपल्या लग्नघरावर असाच एक का करू नये?

ठरवलं ते असं: 1978 चं लग्न, वाईतला एक वाडा, कुटुंब काल्पनिक, एक फोटो, अठरा चेहरे, सहा कागद. आणि लग्नाच्या दिवशी नाहीशा झालेल्या पाटल्या. खर्चाची मर्यादा 10,000 रुपये. मुदत गुढीपाडवा.

10 नोव्हेंबर

काम सुरू करण्याआधी ओब्रा डिन वही घेऊन पुन्हा खेळलो. तोंडातून "अरेच्चा" निघालं की थांबायचं आणि कशामुळे निघालं ते लिहायचं, एवढंच.

सगळ्यात मोठा अरेच्चा झोळ्यांचा. खलाशी झोळ्यांत झोपलेत आणि झोळ्यांना आकडे लावलेले आहेत. तेच आकडे आपल्या हातातल्या नावांच्या यादीत आहेत. बस्स. बाण नाही, चमकणारी कड नाही, "आकड्यांकडे लक्ष द्या" असं कोणी सांगत नाही. झोळ्या पहिल्यापासून समोर टांगलेल्या असतात, आपणच चार तास त्यांच्याखालून वाकून जात असतो. मुंबईच्या लोकलमध्ये रोज समोर बसणारा माणूस आपल्याच शाळेतला निघावा तसं होतं.

'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' (2022) आणि 'हर स्टोरी' (2015) हेही पुन्हा काढले. पहिल्यात चित्रातून शब्द गोळा करून रिकाम्या जागा भरायच्या. दुसऱ्यात पोलिसांच्या जुन्या चौकशीचे व्हिडिओ आपण शब्द टाकून शोधायचे, आणि कितीही सापडले तरी पहिले पाचच बघायला मिळतात. तिन्हींत अरेच्चा जिथे निघालं, तिथे गेम गप्प होता. वहीत हे मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढचे दोन महिने त्या पानाकडे ढुंकूनही बघितलं नाही, ते पुढे येईलच.

24 नोव्हेंबर

तीन संध्याकाळी वाया गेल्या आणि चूक माझीच. गोडो हे गेम बनवायचं इंजिन शिकायला जे व्हिडिओ सापडले ते जुन्या तिसऱ्या आवृत्तीचे होते, म्हणून तीच उतरवून घेतली. पहिलाच शब्द लिहिला 'पत्रिका'. पडद्यावर त आणि र फुटून वेगळे, मध्ये पाय मोडलेला हलन्त, आणि पहिली वेलांटी र च्या मागे जाऊन बसलेली. आधी फाँटवर संशय घेतला. पाच फाँट बदलले. मग कळलं की जोडाक्षरं जुळवण्याची सोय चौथ्या आवृत्तीपासून आहे, आणि ती तर मार्च 2023 मध्येच आलेली. चौथी टाकली आणि पहिल्या झटक्यात 'पत्रिका' नीट उमटली.

कोणी हे करणार असेल तर कथा वगैरे नंतर बघा. आधी 'तिसऱ्या', 'श्रीकृपेकरून', 'ज्येष्ठ' आणि 'विद्वद्वर्य' हे चार शब्द पडद्यावर आणा.

मजकुरासाठी मुक्ता फाँट, पत्रिकेसाठी टिरो देवनागरी मराठी. दोन्ही फुकट.

15 डिसेंबर

पडदा बाजूला ठेवून सगळे कागद आधी खरोखरच्या कागदावर बनवले. हा या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो माझा नाही, आईचा. ती म्हणाली, "आधी मला हातात दे, मग तुझ्या त्या डबड्यात घाल."

सहा कागद: लग्नपत्रिका, आहेराची वही, रेशन कार्ड, एक आंतर्देशीय पत्र, मनीऑर्डरचं कूपन, सराफाची पावती.

लग्नपत्रिका हे मुळातच कोडं आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. 'चि. सौ. कां.' म्हणजे नवरी. 'कु.' म्हणजे बिनलग्नाची. 'गं. भा.' म्हणजे नवरा गेलेली. खाली आपले नम्र म्हणून जी नावं असतात ती बहुतेक वयाने उतरत येतात, म्हणजे दोन चुलते असतील तर थोरला कोण ते तिथेच कळतं. मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. एवढ्याशा कागदात अर्धी वंशावळ बसते आणि छापणाऱ्याला वाटतं आपण आमंत्रण छापतोय.

पत्रात हाका आहेत. जी बाई एकीला 'वन्सं' म्हणते आणि दुसरीला 'जाऊबाई', तिची जागा घरात आपोआप ठरते. नाव लिहायची गरजच नाही. ओब्रा डिनच्या यादीत माणसाचं काम आणि देश दिलेला असतो, आपल्याकडे एका हाकेत त्याहून जास्त माल भरलेला आहे.

आईने दोन चुका काढल्या. मी सुनेच्या पत्रात सासऱ्यांना 'प्रिय बाबा' लिहिलं होतं. "1978 साली? वाईत? ति. मामंजींस साष्टांग नमस्कार लिही." दुसरी चूक आहेराची: 1978 मध्ये मी 501 रुपये घातले होते. आई म्हणाली, "एवढा आहेर करणाऱ्याच्या घरी आधी पोलीस पाठव." आता सगळे 5, 11 आणि 21 आहेत. 51 एकाच नावापुढे आहे, आणि तो मुद्दाम ठेवलाय.

5 जानेवारी 2025

आज व्याकरणाने दगा दिला. हे इंग्रजी गेम करणाऱ्यांच्या वाट्याला येत नसावं.

गोल्डन आयडॉलसारखं शेवटी एक वाक्य ठेवलं होतं: "____ने ____ फडताळात लपवली." मेव्हण्याला दाखवलं. त्याने एकही कागद न वाचता उत्तर दिलं. म्हणाला, "लपवली आहे ना? तुझ्या यादीत पाटल्या, हार, पाकीट, नथ आणि तोडे. लपवली बसते ती फक्त नथ." क्रियापदच चुगली करत होतं! पुढची रिकामी जागा 'नी' ने संपली की कळतं, मान द्यायचं मोठं माणूस आहे. 'माळ्याने' लिहिलं की आतला माळी दिसतो, पण यादीत 'माळी' आहे आणि ते उचलून ठेवलं की 'माळीने' होतं. ते वाचून आईचा चहा सांडला.

दोन दिवस प्रत्येक नावाची सामान्यरूपं कोष्टकात भरली. मग लक्षात आलं की रूपं बरोबर आली तरी लिंग फुटतंच. उपाय सापडला तो पोलिसी मराठीत: "____ ही वस्तू ____ या व्यक्तीने ____ या ठिकाणी ठेवली." क्रियापद आता 'वस्तू'शी बांधलं गेलं, बाकी काही फुटत नाही. भाषा रुक्ष होते, म्हणून त्या पानाला सरळ पंचनाम्याचंच रूप दिलं. वर 'पंचांसमक्ष' लिहिल्यावर ती रुक्षता शोभायलाच लागली.

14 जानेवारी, संक्रांत

कागदी खेळाची पहिली चाचणी. ऑफिसमधला मित्र तिळगूळ घ्यायला आला तो अडकला. चाचणी पूर्ण फसली, कारण मी शेजारी बसलो होतो.

तो पत्रिकेवर जरा थांबला की मी म्हणायचो, "वरची ओळ बघ." तो वही उलटायला लागला की, "आधी रेशन कार्ड." चाळीस मिनिटांत अठराही नावं लागली. जाताना दारात म्हणाला, "छान आहे रे, माहितीपर आहे."

माहितीपर! रात्री वहीतलं ते दोन रेघांचं पान काढलं. मी काय करत होतो ते दिसलं. त्याचं अरेच्चा दर वेळी मीच त्याच्या तोंडातून काढून घेत होतो.

कागदांवरही हेच पाप केलं होतं. सराफाच्या पावतीवरचं महत्त्वाचं नाव ठळक छापलं होतं. पत्रातली कामाची ओळ अधोरेखित केली होती. सगळं काढलं. शिवाय पत्रात दोन परिच्छेद निव्वळ पावसाचे आणि म्हशीचे घातले, कारण सगळीच वाक्यं कामाची असली की वाचणारा प्रत्येक वाक्य पिळायला लागतो.

9 फेब्रुवारी

चित्रं. एका कलाशाखेच्या विद्यार्थिनीला काम दिलं. एका चेहऱ्याचे 400, अठरांचे 7,200. हात चांगला आहे तिचा.

पहिला संच आला तो बघून हसावं की रडावं कळेना. सगळ्या बायका नऊवारीत, नाकात भरघोस नथ, सगळे पुरुष फेट्यात. तिने इंटरनेटवर मराठी लग्न शोधलं असणार. दोष माझा, मी फक्त '1978, लग्न' एवढंच सांगितलं होतं. मग आईने जुना अल्बम काढून दिला: म्हाताऱ्या नऊवारीत, सुना पाचवारीत, आजोबा टोपीत, चुलते कोटात, आणि कॉलेजातला एक बेलबॉटमवाला कोपऱ्यात. पिढी कपड्यांवरूनच लागायला हवी होती, फेट्यांनी सगळ्यांना एका वयाचं करून टाकलं होतं. सहा चेहरे पुन्हा, त्याचे 1,200 जादा.

शर्टाची चौकट मात्र तिने पहिल्याच वेळी सुंदर उतरवली. त्या दोन मुलांसाठी माझ्या खेळात दुसरा कुठलाच पुरावा नाही.

एक गोष्ट वेळेवर सापडली. गं. भा. बाईच्या कपाळावर कुंकू नाही, हा महत्त्वाचा धागा. पण चित्र काळंपांढरं, आणि फोनवर कुंकू म्हणजे दोन ठिपके. फोनवर सगळ्याच बायकांचं कुंकू पुसलं गेलं होतं. म्हणून भिंग घातलं: बोट दाबून धरलं की चेहरा चौपट मोठा होतो.

2 मार्च

हर स्टोरीसारखा शब्दशोध घालायचा मोह झाला. तीन आठवडे घातले, मग काढून टाकला.

खेळणारा 'पाटली' शोधतो, कागदात 'पाटल्या' आहे. सापडत नाही. 'वही' शोधतो, कागदात 'वह्यांमध्ये' आहे. मूळ शब्दांचं कोष्टक करायला बसलो. 140 शब्दांवर पोचलो तेव्हा एक भूत निघालं: 'तिसऱ्या' शोधलं तर कागदात समोर दिसत असूनही सापडेना. अर्धा रविवार गेला. तो ऱ् दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि दिसायला अगदी एकच. लॅपटॉपच्या कीबोर्डवरून एक आला होता, फोनवरून दुसरा. सगळा मजकूर एका साच्यात ओतून घेतला तेव्हा भूत गेलं.

पण तरी सोडलाच. आईला फोनवर मराठी टाइप करायला सांगितलं तर ती बोलून लिहिते, आणि फोन 'वन्सं'चं 'वंश' करतो. जपानमध्ये युजी होरीने 1983 साली 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा गेम केला तेव्हा खेळणाऱ्याला आज्ञा टाइप करायला लागायच्या. 1985 साली तो फॅमिकॉम या घरी टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर आला, त्या आवृत्तीत त्यांची यादी झाली. मीही यादीवर आलो. चाळीस वर्षं उशिरा, पण आलो.

30 मार्च, गुढीपाडवा

मुदत संपली. खेळ अर्धा. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, झोपलो.

11 मे

पुतणी सुट्टीला आली आहे. पंधरा वर्षांची, जन्म पुण्यातला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो आणि दार लावून घेतलं. तिला एवढंच सांगितलं की बडबड कर आणि फोनवर रेकॉर्ड होऊ दे.

एक तास पन्नास मिनिटं. रेकॉर्डिंग ऐकताना दोन गोष्टी टोचल्या.

पहिली: आहेराच्या वहीत 'कुसुम' आहे आणि रेशन कार्डावर 'सुनंदा'. बाई एकच, लग्नात नाव बदललेलं. आईच्या वयाच्या बाईला हे सांगावंही लागत नाही. पुतणीने पंचवीस मिनिटं कुसुम नावाची वेगळी बाई फोटोत शोधली, मग वैतागून म्हणाली, "काका, हे चीटिंग आहे." तिचं बरोबर होतं. जी गोष्ट खेळणाऱ्याने घरून आणावी लागते, ती अडवणूक. आता मनीऑर्डरच्या कूपनवर एक ओळ आहे: "इथे सगळे मला सुनंदा म्हणतात, हाक ऐकून अजून पटकन ओ जात नाही." कुसुमचं नाव त्या कूपनवर कुठेच नाही. पैसे कुठून आले तेवढं आहे.

दुसरी: ओब्रा डिनमध्ये तीन जण बरोबर लागले की मगच खेळ ते पक्के करतो, एकेकट्याचं सांगत नाही. मी तेच उचललं होतं. हिशोब असा की अठरांतून तीन अंदाजाने लावायचे तर 4,896 तऱ्हा, कोण करणार? पण शेवटचे तीन चेहरे आणि तीनच नावं उरली की तऱ्हा सहा. पुतणीने सहाही करून बघितल्या आणि "झालं!" म्हणून उठली. त्या तिघांत ती गं. भा. बाई होती, जिच्यावर सगळी गोष्ट उभी आहे. तिला ती न ओळखताच ओलांडून गेली.

नंतर जेवताना तिने विचारलं, "ती बाई एवढ्या कोपऱ्यात का उभी आहे?" आई भाकरी मोडत म्हणाली, "असंच उभं राहायचं तेव्हा." पुढे कोणी बोललं नाही.

25 मे

दुरुस्ती सोपी निघाली. यादीत पाच नावं वाढवली: आहेर पाठवला पण लग्नाला आले नाहीत असे. आता नावं 23, चेहरे 18. शेवटच्या तिघांसाठी आठ नावं उरतात, म्हणजे 336 तऱ्हा. आणि कोण आलं नाही हे वहीतूनच कळतं, 'हस्ते' अमुक लिहिलेलं असलं की आहेर दुसऱ्याबरोबर पाठवलेला. हे 'हस्ते' मी निव्वळ खरेपणासाठी लिहिलं होतं, त्याचा असा उपयोग होईल हे डोक्यातही नव्हतं.

13 जुलै

ब्राउझरवर चढवला. माझ्या लॅपटॉपवर सुरेख. ताईच्या फोनवर सगळीकडे रिकाम्या चौकटी. शेवटच्या पंचनाम्याच्या पानावर मी मराठी फाँट जोडायलाच विसरलो होतो. लॅपटॉपवर इंजिन गुपचूप विंडोजचा फाँट उसना घेत होतं, ब्राउझरमध्ये ती सोय नाही. फाँट मूळ थीमलाच जोडला.

पत्राचा मजकूर एकेक अक्षर उमटताना 'कि'मध्ये आधी क यायचा, मग वेलांटी उडी मारून पुढे बसायची. लेबलच्या सेटिंगमध्ये अक्षरं जुळवल्यानंतर मोजायची असा पर्याय आहे, तो निवडला. दहा मिनिटांचं काम, पण सापडायला एक महिना लागला.

24 ऑगस्ट

आईची फेरी. कागदांवर तिने पाहिलं होतं, पण पडद्यावर पूर्ण खेळ पहिल्यांदाच. चष्मा बदलून बसली. दोन तास दहा मिनिटं, मध्ये एकदा कुकर लावायला उठली. अठरा लागले, पाटल्याही लागल्या. त्या कुठे गेल्या ते इथे लिहीत नाही.

मी वाट बघत होतो. ती फोटो परत मोठा करून बघत बसली होती.

"हा मधल्या रांगेतला, बोटाला शाई लागलेला. आहेराची वही याने लिहिली ना?"

"हो." त्या शाईचा मला फार अभिमान होता.

"मग तो फोटोत कसा?"

"म्हणजे?"

"अरे, आहेर लिहिणारा दाराशी टेबल घेऊन बसतो. पैशाची पेटी त्याच्यापाशी असते. सगळे फोटोला गेले तरी तो उठत नाही. तुझ्या काकांच्या लग्नात आपल्या शेजारच्या मास्तरांनी लिहिली, ते एकाही फोटोत नाहीत. जेवले सुद्धा शेवटच्या पंगतीला."

मी गप्प. आठ महिने ती वही रोज हातात होती आणि ती लिहिणाऱ्या माणसाकडे बघितलंच नव्हतं.

31 ऑगस्ट

गौरी आल्या आहेत, घर भरलंय, तरी हे उरकलं. शाईचं बोट फोटोतून काढलं. त्याच्या जागी न आलेल्या पाचांपैकी एकाला आणून उभं केलं, त्याच्यापुढचं 'हस्ते' पुसलं. वही लिहिणारा आता फोटोत नाही, पण नावांच्या यादीत आहे आणि त्याचं अक्षर वहीत आहे. तेच अक्षर आणखी एका कागदावर ठेवलं. कोणत्या, ते सांगत नाही. कुठेही ठळक केलेलं नाही.

चित्रकार मुलीला एका चेहऱ्याचे 400 पाठवले. एकूण खर्च: चित्रं 8,800, कागदी चाचण्यांच्या छपाईचे 340, मिळून 9,140. वेळ साधारण सव्वादोनशे तास, त्यातले निम्मे मोडून पुन्हा करण्यात.

शिल्लक कामं: जुन्या फोनवर भिंग अडखळतं. पंचनाम्यात 'फडताळ' हा शब्द पुतणीच्या दोन मैत्रिणींना कळला नाही, त्यावर बोट ठेवलं की चित्र दिसायला हवं. आणि ताईला फोन करायचाय. त्या पेटीतल्या खऱ्या फोटोत मास्तरांना शोधण्यात आमची वीसेक मिनिटं गेली होती, ते तिथे नाहीतच म्हणून सांगायचं आहे.